रोटलिगेंड वालुकाश्म : निक्षेपण पर्यावरणाच्या शोधाचा इतिहास

इ. स. १९५९ मध्ये नेदरलँड्समधील स्लोख्टेरन येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीवर नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा आढळला. तो पर्मियन काळातील रोटलिगेंड वालुकाश्मात होता. ही वाळू वाऱ्याने साचविली की पाण्याने, हे विहिरीतून काढलेल्या मूठभर रुंदीच्या गाभ्यावरून ठरविणे सोपे नव्हते. शेल कंपनीचे भूवैज्ञानिक के. डब्ल्यू. ग्लेनी यांनी त्यासाठी ओमानसारख्या आजच्या वाळवंटांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. वालुकागिरींतील तिरके थर, कोरड्या नदीपात्रांतील गोटे व क्षारयुक्त सपाट भूमीतील चिखल यांच्या खुणा गाभ्यांशी ताडून पाहता आल्या. हा भेद केवळ नामकरणाचा नव्हे. वालुकागिरींची वाळू सामान्यतः अधिक सच्छिद्र असते, तर चिखलमिश्रित थरांतून वायू कष्टानेच वाहतो. दोन विहिरींमधील अदृश्य खडकाविषयीचे अनुमान त्यावरच बांधावे लागते.