सिंहस्थाची बारा वर्षं आणि गुरूचं एक वर्ष

मंडळी, नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो असं आपण सगळेच म्हणतो. आज एकलहऱ्यात, गोदाकाठी बसून, आम्ही या बारामध्ये थोडी खोट काढणार आहोत. २०१५ साली त्र्यंबकेश्वरला ध्वजारोहण झालं १४ जुलैला. पुढचं जाहीर झालंय ३१ ऑक्टोबर २०२६ ला. मोजून बघा, सव्वाअकरा वर्षंच भरतात. कारण सिंहस्थ आपल्या वर्षांनी ठरत नाही, गुरूच्या वर्षानं ठरतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. त्याची एक फेरी ११.८६ वर्षांची, त्यामुळे सात सिंहस्थांना ८४ नव्हे, ८३च वर्षं लागतात. आणि गुरू मध्येच वक्री होतो, म्हणून एखादा सिंहस्थ सरासरीपेक्षाही लवकर येतो.

आता प्रश्न असा, की गुरूला एका फेरीला जवळजवळ बारा वर्षं का लागावीत? शनीला साडेएकोणतीस का?

याचं एक उत्तर आपल्याकडे फार पूर्वी दिलं गेलं आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. भास्कराचार्य सांगतात, एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, गुरूच्या ३६,४२,२६,४५५ फेऱ्या होतात. भागाकार करा, ११.८६ येतं. आजच्या आकड्याशी जुळतं, बरं का! आणि कारण? ते म्हणतात, सगळे ग्रह रोज सारखंच अंतर चालतात, ११,८५८ योजनं आणि वर पाऊण. ज्याची कक्षा मोठी, त्याला वेळ जास्त.

जुन्या माणसांनी खळ्यातली मळणी पाहिली असेल. तिवड्याभोवती बैल एका दावणीत बांधलेले, फेरी सगळ्यांची बरोबरच पुरी होते. बाहेरच्या बैलाला पळावं लागतं. सिद्धान्तांनी बैल सोडून दिले आणि सगळ्यांची चाल एक ठेवली. कल्पना सुंदर आहे. पण चूक आहे.

चुकीची असून ती इतकी शतकं कशी टिकली? आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे आम्हाला खरा रस इथे आहे. चंद्राचं अंतर त्यांनी लंबनावरून काढलं होतं, आणि ते बरं आलं होतं. पण सूर्याचं, गुरूचं, शनीचं अंतर त्यांनी फेरीच्या काळावरूनच काढलं. म्हणजे काळावरून अंतर ठरवायचं, आणि मग अंतर जास्त म्हणून काळ जास्त असं सांगायचं! असा सिद्धान्त खोटा पडणार कुठे? त्या हिशेबानं सूर्य चंद्राच्या साधारण १३ पट दूर येतो. खरं अंतर सुमारे ३९० पट आहे. शनी सूर्याच्या साडेएकोणतीस पट दूर येतो, खरा साडेनऊ पट.

आणि गंमत अशी की खरं उत्तर त्यांच्याच पोथीत होतं. गुरूची वक्री चाल बसवायला त्यांनी एक छोटं वर्तुळ घेतलं होतं, त्याला शीघ्रपरिधी म्हणतात. गुरूचा शीघ्रपरिधी ३६० ला ६८. भाग द्या, ५.३ येतं. सूर्यापासून गुरू पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे! वक्री गती ही आपल्याच फिरण्याची सावली आहे, हे कळलं असतं तर तो आकडा अंतर म्हणून वाचता आला असता. तो गणिताची सोय म्हणून राहिला. त्याबद्दल त्यांना हिणवायचं कारण नाही. टॉलेमीनंही तो तसाच ठेवला होता.

कोपर्निकसनं सूर्य मध्ये ठेवला, तेव्हा अंतरं स्वतंत्रपणे हाती आली. मग १६१९ साली केप्लरनं नियम छापला: काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे लांबच्या ग्रहाची वाट तर लांब असतेच, वर त्याची चालही मंद असते. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, गुरू १३, शनी १० पेक्षा थोडा कमी. सूर्याची ओढ अंतरानं कमी होते म्हणून असं, हे न्यूटननं १६८७ मध्ये दाखवलं. मराठीत हा वाद १८३६ मध्ये सीहोरच्या सुबाजी बापूंनी मांडला. १८६० मध्ये केरूनाना छत्र्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ आली आणि हिशेब नव्या आकड्यांवर सुरू झाले.

राहिला दिवस. त्याला असा नियम नाही. इथल्या वीजकेंद्रात टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. वाफ तोडली तरी रोटर बराच वेळ फिरत राहतो. ग्रहांचंही तसंच. जन्मताना मिळालेली गिरकी ते अजून वागवताहेत. गुरूची दहा तासांच्या आत पुरी होते, मंगळाची साडेचोवीसच्या आसपास. सूर्याजवळच्यांना मात्र भरती-ओहोटीच्या ओढीनं ब्रेक लागला. बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत आपले १७६ दिवस जातात, म्हणजे त्याची दोन वर्षं.

ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांनी २०२६ च्या डिसेंबरपासून गुरूवर लक्ष ठेवा. महिन्याच्या मध्यावर तो थबकेल, मागे फिरेल, पुन्हा कर्केत जाईल, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी सिंहेत परतेल. शेजारच्या ताऱ्यांशी त्याचं अंतर दर आठवड्याला वहीत टिपून ठेवा. दुर्बीण लागत नाही.