आइल रॉयलचे लांडगे

अमेरिकेंतील सुपीरियर सरोवरांतल्या आइल रॉयल बेटावर १९४९ च्या सुमारास गोठलेल्या पाण्यावरून लांडगे आले. मूस जातीचीं अजस्र हरणें तेथें आधींच वसलीं होतीं. १९५८ सालीं पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनीं या दोहोंचा अभ्यास आरंभिला. भक्ष्य वाढतांच भक्षक वाढावा, भक्षक वाढतांच भक्ष्य घटावें, हें गणित शाळेंतल्या त्रैराशिकासारखें सोपें वाटे. परंतु १९८० सालीं ५० असलेले लांडगे १९८२ सालीं अवघे १४ उरले! कुत्र्यांचा पार्व्हो रोग गणितांत कोणी धरलाच नव्हता. १९९७ सालीं बर्फावरून आलेल्या एकट्या नरानें कुळास नवें रक्त दिलें. पुढें बर्फाचा सेतु क्वचितच जमूं लागला, सगोत्र संततीनें वंश खंगला. २०१६ सालीं बाप व लेक एवढींच उरलीं. अखेर २०१८-१९ मध्यें १९ लांडगे बाहेरून आणून सोडण्यांत आले.