दिंडीची चूल : देहू-आळंदीच्या वाटेवरचे अन्न

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे आज कारखान्यांशी जोडली गेली असली, तरी या पट्ट्याच्या मधून वाहणाऱ्या इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी ही दोन गावे आहेत, आणि दरवर्षी ज्येष्ठ वद्य पक्षात तेथून निघणाऱ्या पालख्यांबरोबर लाखो माणसांचा स्वयंपाकही सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूरला जातो. वारीच्या भक्तिपरंपरेविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने तिच्या चुलीकडे, म्हणजे भर पावसाळ्यात उघड्यावर अन्न शिजवण्याच्या आणि ते टिकवण्याच्या व्यवस्थेकडे, फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः ही व्यवस्था समजल्याशिवाय शेतकरी माणूस ऐन पेरणीच्या दिवसांत तीन आठवडे घराबाहेर कसा राहू शकला, हे कळत नाही.

उघड्यावरच्या अन्नाची आठवण या दोन्ही गावांच्या संतचरित्रांतच आहे. मांडे भाजण्यासाठी पालथे घालायचे मातीचे भांडे म्हणजे खापर. ते ज्ञानेश्वरांच्या बहिणीला, मुक्ताबाईला, मिळू नये म्हणून विसोबा चाटी यांनी आळंदीच्या कुंभारांना बजावले, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रज्वलित करून आपली पाठच तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक सामाजिक वास्तव उरते: बहिष्कृत कुटुंबाला भांडे नाकारणे म्हणजे त्याची चूल बंद करणे होय. देहूच्या परंपरेत भंडारा डोंगरावर चिंतनात बसलेल्या तुकारामांसाठी त्यांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाई रोज भाकरी घेऊन डोंगर चढत असत. महाजनकी आणि वाण्याचा व्यवसाय असलेल्या या घराने 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ सोसला होता, आणि तुकारामांची पहिली पत्नी रखमाबाई त्याच दुष्काळात अन्नावाचून गेली. धान्याचा व्यापार आणि धान्याचा अभाव हे दोन्ही ज्या घराने पाहिले, त्याच घरातून पुढे पालखीची प्रथा सुरू झाली.

तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. त्यात देहूहून तुकारामांच्या आणि आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका एकत्र नेल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र सोहळा उभा केला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू यांबरोबर नैवेद्याचीही जबाबदारी घेतली. नैवेद्याची ही तजवीज महत्त्वाची आहे, कारण देवाच्या ताटाची सोय झाली तरी माणसांच्या ताटाची सोय ज्याची त्याने करायची होती. ती करण्यासाठी जो लहान गट बनला तो म्हणजे दिंडी. दिंडी भजनासाठी एकत्र येते हे खरे. पण तितकीच ती चुलीसाठीही एकत्र येते, आणि जेवणखर्चासाठी तिच्यात जी वर्गणी काढतात तिला भिशी म्हणतात.

वारीच्या स्वयंपाकाची खरी सुरुवात घरात, चैत्र-वैशाखात होते. उन्हाळ्यात अंगणात जे पदार्थ वाळवून ठेवतात त्यांना वाळवण म्हणतात, आणि पावसाळ्यापुरता साठा करण्याला बेगमी. सांडगे, पापड, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, डाळी, तिखट, मसाला यांचे डबे भरून होतात आणि लगेच ज्येष्ठ येतो. पालखी निघते ती नेमकी अशा वेळी, जेव्हा वाळवण्याचे ऊन संपलेले असते आणि हवेतल्या दमटपणामुळे उघडे अन्न दोन दिवसांत बुरसते. दिंडीचा शिधा, म्हणजे न शिजवलेली सामग्री, हा या बेगमीचाच एक भाग बैलगाडीवर चढवून बनलेला असे. घराची पावसाळ्याची तयारी चालती करणे, हीच वारीच्या अन्नव्यवस्थेतली मूळ कल्पना आहे.

वाटेत तयार खाण्यासाठी जी शिदोरी बांधली जाई तिच्यातील प्रत्येक पदार्थामागे पाणी दूर ठेवण्याचे शहाणपण आहे. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेची असते आणि साध्या पोळीपेक्षा अधिक टिकते. सोवळ्याच्या नियमांतही दुधात भिजवलेले किंवा तळलेले अन्न प्रवासात चालत असे, त्यामुळे तिला धार्मिक मान्यताही मिळाली. शेंगदाणे, कारळे, जवस, लसूण यांच्या चटण्या कोरड्या कुटल्या जातात. सातूचे पीठ, म्हणजे भाजलेले गहू आणि डाळे यांचे दळण, गुळाच्या पाण्यात कालवले की चुलीशिवाय भूक भागते, आणि मुसळधार पावसात जळण पेटेनासे झाले तर हाच आधार उरतो.

तळावरची, म्हणजे मुक्कामाच्या जागेवरची भाकरी मात्र ताजीच हवी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ते कढत पाण्यात मळावे लागते, नाही तर थापताना भाकरीच्या कडा फाटतात. चार-पाच बायका परात किंवा काटवट, म्हणजे लाकडी पसरट भांडे, पुढे घेऊन बसतात, थापलेली भाकरी तव्यावर टाकून ओला हात फिरवतात, आणि दुसरी बाजू भाजली की ती निखाऱ्यांपाशी उभी करून फुगवतात. भाकरी लगेच दुसरीवर रचत नाहीत. वाफ कोंडली तर खालच्या भाकऱ्या ओलावतात आणि सकाळपर्यंत त्यांना वास येतो, म्हणून कापडावर पसरून निवल्यानंतरच त्या टोपलीत जातात. कालवण मोठ्या पातेल्यात आणि लांबट चर खणून केलेल्या चुलाणावर होते. चर वाऱ्याच्या दिशेने खणला की जाळ आतपर्यंत पोचतो. हे ज्ञान पाकपुस्तकांत सहसा आढळत नाही, आणि त्याची नोंद व्हायला हवी.

या अन्नाकडे अनादि म्हणून पाहण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा मिरची, शेंगदाणा आणि बटाटा भारतात नव्हते. हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आले. ज्ञानेश्वरांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते तो दिवस एकादशीचा असतो. त्या उपवासाला चालणारा साबुदाणाही अमेरिकेतून आलेल्या कंदापासून बनतो. फराळातले वरईचे तांदूळ मात्र जुन्या काळाशी खरे नाते सांगतात.

चुलीवर भेदही होते. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. तीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र चालत, एकत्र भजन म्हणत, पण जेवायला वेगळे बसत, आणि या वेगळेपणाचे कर्वे यांना फार दुःख झाले. समतेचे अभंग गाणाऱ्या समुदायात पंगत सर्वांत शेवटी बदलावी, यावरून अन्नावरचा जातीचा ताबा किती घट्ट होता ते दिसते. वाटेवरच्या काही गावांनी मात्र सर्वांना एकच ताट वाढण्याची प्रथा जपली आहे, आणि यवतच्या काळभैरवनाथ मंदिरातील पिठले-भाकरी हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तेथे भाकऱ्या घराघरांतून गोळा होतात आणि पिठले मंदिरात मोठ्या कढयांत शिजते.

देहूहून निघालेल्या पालखीचा गावाबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत आकुर्डी, चिंचवड, निगडीची शेते वसाहतींखाली गेली. चर खणायला मोकळी माती राहिली नाही. दिंड्या महापालिकेच्या शाळांत उतरू लागल्या, गोवऱ्या आणि लाकडांची जागा आधी रॉकेलच्या स्टोव्हने आणि मग गॅसच्या शेगडीने घेतली, बैलगाडीची जागा ट्रकने घेतली. आचारी ट्रकबरोबर पुढे जातात आणि पालखी पोचेपर्यंत भात शिजलेला असतो. त्याच रस्त्यावर कारखान्यांतले कामगार आणि सोसायट्यांतली कुटुंबे केळी, चहा आणि पुरीभाजी घेऊन उभी असतात. त्यांतील अनेक जण सोलापूर, लातूर, बीडकडून पोटासाठी येथे आलेले आहेत आणि त्यांच्या घरांनी वारी गावाकडेही पाहिलेली आहे.

चाकणचा कांदा या साऱ्यात शेवटी येतो. खेड तालुक्यातील शेतकरी उन्हाळी कांदा बराखीत, म्हणजे चहूबाजूंनी वारा खेळेल अशा उंच चाळीत, पावसाळ्यासाठी साठवतात, हीसुद्धा बेगमीच. आषाढ शुद्ध नवमीला, पालख्या पंढरपूरजवळच्या वाखरीच्या आसपास असताना, चातुर्मासापूर्वीचा शेवटचा कांदा खाण्याचा दिवस येतो, त्याला कांदेनवमी म्हणतात. त्या दिवशी कांद्याची भजी तळली जातात, कांद्याची थालीपिठे थापली जातात, आणि जे माळकरी चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतात त्यांच्या शिध्याच्या पोत्यातून तो चार महिन्यांसाठी बाहेर पडतो.