एकवीस

परवा ताईचा फोन आला होता. भाचा बारावीनंतर शिकायला अमेरिकेला निघालाय. मेतकूट, लोणचं, छोटा कुकर असं सगळं बोलून झाल्यावर ताई म्हणाली, "एक बरं आहे बघ, तिथे २१ वर्षांच्या आत दारू देतच नाहीत. तेवढी एक काळजी मिटली."

मी "हो हो" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर काही चैन पडेना. हा २१ चा आकडा होस्टेलच्या खोलीसाठी नाहीच मुळी. तो आलाय रस्त्यावरून.

१९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि दारूचे नियम राज्यांच्या हाती गेले. बऱ्याच राज्यांनी वय २१ धरलं. मतदानाचं वयही तेव्हा तेच होतं. मग व्हिएतनामचं युद्ध आलं. १८ वर्षांचा पोरगा लढायला चालतो, मग मत द्यायला का नाही, असं लोक विचारू लागले. १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन मतदानाचं वय १८ झालं आणि त्याच लाटेत, १९७० ते १९७५ मध्ये, २९ राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं.

झालं काय, की एका राज्यात १८ आणि शेजारच्या राज्यात २१! पोरं गाडी काढून सीमेपलीकडे जायची, प्यायची आणि तशीच गाडी चालवत परत यायची. अपघात इतके वाढले की त्या सीमांना 'रक्ताच्या सीमा' असं नावच पडलं.

१९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या बाईंची १३ वर्षांची मुलगी दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली. तो ड्रायव्हर काही कॉलेजकुमार नव्हता, चांगला मोठा माणूस होता. पण त्या आईने उभ्या केलेल्या चळवळीने सगळा देश हलवला. १९८४ मध्ये रेगन यांनी कायद्यावर सही केली. वय ठरवायचा अधिकार राज्यांचाच होता, म्हणून केंद्राने पैशाची नाडी आवळली. वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीतले १० टक्के विसरा! साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. १९८८ मध्ये वायोमिंगनेही मान तुकवली.

रस्त्यावर गुण आला. १९७५ ते २०१७ या काळात या वयोमर्यादेने ३१ हजारांहून अधिक जीव वाचवले, असा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे. हे काही थोडंथोडकं नाही.

पण खोलीत? १९९३ मध्ये हार्वर्डच्या हेन्री वेक्सलर यांनी १४० कॉलेजांची पाहणी केली. ४४ टक्के विद्यार्थी एका बैठकीत पाच-पाच पेग (मुली असतील तर चार) रिचवणारे निघाले. २००१ मध्ये पुन्हा पाहिलं, तरी आकडा ४४ च! २००८ मध्ये शंभराहून अधिक कॉलेजप्रमुखांनी सह्या करून म्हटलं की २१ च्या नियमाने पिणं थांबलं नाही, फक्त दाराआड गेलं. यावर पुन्हा चर्चा करा. रस्त्यावरच्या मृत्यूंकडे बोट दाखवून अनेकांनी त्यांना झोडपलं. मला तर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. एक रस्त्याबद्दल बोलतेय, दुसरी खोलीबद्दल.

आणि आपण तरी काय वेगळे होतो? महाराष्ट्रात कडक दारूसाठी परवान्याचं वय २५. आमच्या होस्टेलच्या गच्चीवर ३१ डिसेंबरला पंचविशीचं एकही डोकं नव्हतं. त्या रात्री एक मित्र हलवूनही उठेना. रेक्टरला कळेल, घरी पत्र जाईल, या भीतीने आम्ही त्याच्या अंगावर चादर घातली आणि झोपलो. सकाळी तो उठला. नुसतं नशीब, दुसरं काही नाही. झोपेत उलटी घशात अडकून माणूस जाऊ शकतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

म्हणून रात्री भाच्याला फोन केला. पिऊ नकोस हे तुझी आई सांगेलच, मी दुसरं सांगतो म्हटलं. कोणी उठत नसेल तर एकटं सोडायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ९११ ला फोन करायचा. मदत मागणाऱ्या अल्पवयीनांना शिक्षेतून सूट देणारे कायदे तिथल्या बहुतेक राज्यांत आता आहेत. आणि नसले तरी फोन करायचाच.

"मामा, तुमचा तो मित्र आता कुठे असतो?" त्याने विचारलं.

असतो, हे काय कमी आहे!

ताई, तू हे वाचशीलच. रागावू नकोस.