सरोवराचा तळ आणि कांचेच्या हौदाचा तळ

श्रोतेहो, मुलांच्या हट्टामुळें ॲक्सोलॉटल नांवाचा जलचर एकाद्या घरीं येतो, तेव्हां यजमानांपुढें पहिला प्रश्न असा उभा राहतो कीं, त्याच्या कांचेच्या हौदांत तळाशीं काय पसरावें? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. दुकानदार रंगीत खडीची पिशवी पुढें करतो, ती डोळ्यांना बरी दिसते, आणि व्यवहार तेथेंच आटोपतो. परंतु त्या पिशवीपायीं कित्येक ॲक्सोलॉटल प्राणास मुकले आहेत. म्हणून या लहानशा प्रश्नामागील मोठा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हा प्राणी मूळचा मेक्सिकोचा. मेक्सिको शहर ज्या खोऱ्यांत वसलें आहे, तें समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर आहे. या खोऱ्यांत पूर्वीं पांच सरोवरें होतीं. त्यांपैकीं दक्षिणेकडील सोचिमिल्को आणि चाल्को हीं गोड्या पाण्याचीं सरोवरें म्हणजे ॲक्सोलॉटलचें माहेर. जगांत दुसरीकडे कोठेंहि तो निसर्गतः आढळत नाहीं. त्याच्या नांवांतच त्याची कथा आहे. ॲझ्टेक लोकांच्या भाषेंत ‘आत्ल’ म्हणजे पाणी. आणि शोलोत्ल हा त्यांचा एक देव. सूर्याला गति यावी म्हणून सर्व देवांनीं आत्मबलिदान करावयाचें ठरविलें, तेव्हां हा शोलोत्ल रडूं लागला आणि पळाला. प्रथम तो मक्याच्या शेतांत जोडकणसाच्या ताटाचें रूप घेऊन लपला, मग घायपाताच्या जातीच्या एका झाडाच्या रूपानें लपला, आणि शेवटीं पाण्यांत शिरून ॲक्सोलॉटल झाला. तेथें मात्र तो सांपडला आणि मारला गेला. सोळाव्या शतकांत सहागून या स्पॅनिश धर्मोपदेशकानें तेथील लोकांकडून ऐकून ही कथा लिहून ठेविली आहे. पाण्याच्या तळाशीं दडून बसणाऱ्या या जीवाचें शील त्या कथेंत नेमकें उतरलें आहे.

आतां तो तळ कसा होता, हें पाहूं. सोचिमिल्कोच्या शेतकऱ्यांनीं उथळ पाण्यांत पाणवनस्पति आणि गाळ यांचे थर रचून लांबट वाफे उभे केले. त्यांना ‘चिनांपा’ म्हणतात. वाफ्यांच्या कडेनें वाळुंजाच्या जातीचीं झाडें लावून त्यांनीं माती धरून ठेविली. दोन वाफ्यांमधून कालवे राहिले. कालव्यांच्या तळाचा गाळ उपसावा आणि वाफ्यांवर पसरावा, असा शेतीचा क्रम शतकानुशतकें चालला. म्हणजे ॲक्सोलॉटल ज्या तळावर वाढला, तो मऊ, बारीक, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा गाळ होता. खडीचा तेथें संबंधच नव्हता.

या गोष्टीचें महत्त्व त्याच्या जेवण्याच्या रीतीवरून कळेल. ॲक्सोलॉटलला भक्ष्य चावतां येत नाहीं. किडा किंवा गांडूळ जवळ आलें कीं तो एकदम जबडा उघडतो, तोंडांत पाण्याचा लोट ओढला जातो आणि त्याबरोबर भक्ष्यहि आंत जातें. त्या लोटाबरोबर तळाचें जें कांहीं येईल तेंहि गिळलें जातें. गाळाचा कण आंत गेला तर तो तसाच बाहेर पडतो. हरभऱ्याएवढा खडा गेला, तर तो आंतड्यांत अडकतो. मग प्राणी अन्न टाकतो, पोट फुगतें, कित्येकदां तो पाण्यावर तरंगूं लागतो आणि अखेरीस मरतो. हजारों पिढ्यांत ज्या जीवाला खड्यापासून सावध राहण्याचें कारणच पडलें नाहीं, त्याला ती सावधगिरी ऐन वेळीं कोठून सुचणार?

सरोवरांवर संकट आलें तें स्पॅनिश अमदानींत. १५२१ सालीं ॲझ्टेकांची राजधानी पडली आणि तिच्याच जागीं नवें शहर उठलें. त्या शहराला पुराचें भय वाटूं लागलें. १६०७ सालीं एन्रिको मार्तिनेस याच्या देखरेखीखालीं खोऱ्यांतील पाणी बाहेर काढण्याचें काम सुरू झालें. तरीहि १६२९ च्या महापुरांत शहर बुडालें आणि कित्येक वर्षें पाण्याखालीं राहिलें. पाणी हटविण्याचा तो उद्योग पुढें अनेक राजवटींनीं चालविला, आणि १९०० सालीं पोर्फिरिओ दीआस याच्या कारकीर्दींत मोठ्या कालव्याचें उद्घाटन झालें. चाल्को सरोवर आटलें. सोचिमिल्कोचे कालवे तेवढे उरले.

सरोवरें अशीं आटत असतांना ॲक्सोलॉटल मात्र युरोपांत पोहोंचला होता. १८०३-०४ मध्यें मेक्सिकोंत फिरलेल्या हुम्बोल्ट याने त्याचे दोन नमुने पॅरिसला क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाकडे नेले. परंतु जिवंत प्राणी पोहोंचले ते फ्रेंच सैन्य मेक्सिकोंत उतरल्यानंतर. पॅरिसला आलेल्या ३४ प्राण्यांपैकीं सहा, म्हणजे पांच नर आणि एक मादी, १८६४ च्या जानेवारींत तेथील वस्तुसंग्रहालयाच्या ऑग्युस्त द्युमेरील याच्या हवालीं झाले. पुढील वर्षीं मादीनें अंडीं घातलीं, पिलें वाढलीं. आणि त्यांतील कांहींचे कल्ले गळून पडले व तीं जमिनीवर राहणाऱ्या सॅलमँडरचें रूप घेऊं लागलीं! बेडूकमाशानें बेडूक न होतां जन्मभर बेडूकमासाच राहावें आणि त्याच रूपांत संसार करावा, तसा ॲक्सोलॉटल असतो, हें तेव्हां उघड झालें. १९२० सालीं ज्यूलियन हक्स्ली याने गुरांच्या कंठग्रंथीचें मांस खाऊं घालून हें रूपांतर मुद्दाम घडवून आणलें. द्युमेरीलने त्या सहांची प्रजा युरोपभर उदारपणें वांटली. आज प्रयोगशाळांत आणि घरांत जे ॲक्सोलॉटल आहेत, त्यांच्यापैकीं बहुसंख्यांच्या वंशावळींत ते सहा पाहुणे आहेत.

मग खडी आली कोठून? त्याचा इतिहास निराळा आहे. १८५० सालीं लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें एका भांड्यांत सोनेरी मासे, गोगलगाई आणि पाणवनस्पति एकत्र ठेवून समतोल साधल्याचें दाखविलें. त्या भांड्याच्या तळाशीं वाळू, चिखल आणि दगड होते, कारण वनस्पतीच्या मुळांना आधार हवा होता. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयानें जलचरांचें दालन उघडलें आणि कांचेच्या हौदांचा छंद घरोघर पसरला. माशांच्या हौदांत खडी हा रिवाज झाला. मुळांसाठीं आलेली खडी पुढें शोभेसाठीं राहिली. कारण नाहींसें झालें तरी रिवाज टिकतो, असा अनुभव इतिहासांत वारंवार येतो. माशाच्या घरची ती रीत ॲक्सोलॉटलच्या घरांतहि न विचारतां शिरली आणि घातक ठरली.

तेव्हां कर्तव्य काय? पहिला मार्ग, तळ मोकळा ठेवणें. प्रयोगशाळांत बहुधा असेंच करतात. मळ चटकन् दिसतो आणि उपसतां येतो. मात्र गुळगुळीत कांचेवर त्याच्या पायांना पकड मिळत नाहीं. दुसरा मार्ग, पाटीच्या दगडाची किंवा बिनचकाकीची मातीची फरशी बसविणें. तिच्यावर पाय ठरतात आणि गिळण्यासारखें कांहीं राहत नाहीं. फक्त फरशीखालीं मळ सांचूं नये म्हणून सांधे नीट जुळवावेत. तिसरा मार्ग, बारीक वाळू. तिचा कण एक मिलिमीटरहून लहान असावा, ती स्वच्छ धुतलेली असावी, आणि थर दोन-तीन सेंटिमीटरांहून जाड नसावा. थर जाड झाला कीं खालीं प्राणवायु पोहोंचत नाहीं आणि विषारी वायु सांचतो. म्हणून मधून मधून वाळू ढवळावी. सोचिमिल्कोच्या गाळाच्या सर्वांत जवळचा तळ हाच. परंतु सुमारें बारा-पंधरा सेंटिमीटर लांबी होईपर्यंत पिलांना वाळूवर ठेवूं नये. त्यांचा तळ मोकळाच बरा. मोठे गोटे घालावयाचे असतील तर प्राण्याच्या डोक्याहून मोठे आणि गुळगुळीत असावेत. रंगीत खडी, शिंपल्यांचा चुरा आणि धारदार दगड यांना थाराच देऊं नये.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील श्रोत्यांसाठीं सांगितली पाहिजे. तळ कितीहि उत्तम असला तरी हा थंड पठारावरचा जीव आहे. त्याला १६ ते १८ अंश सेंटिग्रेडचें पाणी मानवतें. मुंबईच्या किंवा नागपूरच्या उन्हाळ्यांत पाणी थंड ठेवण्याची यांत्रिक सोय ज्याच्यापाशीं नसेल, त्यानें तो घरीं आणूं नये, हेंच त्या जीवावर उपकार केल्यासारखें होईल.

हा प्रश्न जिव्हाळ्याचा कां, तें शेवटीं सांगतों. १९९८ सालच्या पाहणींत सोचिमिल्कोंत दर चौरस किलोमीटरला सुमारें ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ सालीं ते सुमारें ३६ उरले. सांडपाणी आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे हीं त्याचीं मुख्य कारणें. २००६ पासून त्याची गणना नामशेष होण्याच्या पराकाष्ठेच्या धोक्यांतील जातींत आहे. २०२१ सालीं मेक्सिकोनें आपल्या ५० पेसोंच्या नोटेवर त्याचें चित्र छापलें; परंतु नोटेवर राहून कोणी जगत नाहीं. तेथील राष्ट्रीय विद्यापीठाचे संशोधक आणि चिनांपांचे शेतकरी मिळून कांहीं कालवे गाळण्या लावून माशांपासून सुरक्षित करीत आहेत. बंदिवासांत वाढलेले १८ ॲक्सोलॉटल पाणथळींत सोडले असतां ते पाहणीच्या काळांत जगले, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालें.

ज्या जीवाचा खरा तळ माणसानेंच काढून घेतला, त्याला दुसरा तळ देण्याचें काम आतां माणसाकडेच आलें आहे. सोचिमिल्कोंत तें काम शेतकऱ्यांचें आणि शास्त्रज्ञांचें आहे; आपल्या घरांतील कांचेच्या हौदापुरतें तें आपलें आहे. खडीची पिशवी हातांत घेण्यापूर्वीं एवढें आठवलें, तरी आजच्या या चार शब्दांचें सार्थक झालें असें मी समजेन.