दशांशाचा थांबा

संख्या लिहिताना आपला हात डावीकडून उजवीकडे जातो, पण तिच्यातील अंकांची किंमत ठरते ती उजव्या टोकापासून. आणि हिशेबाच्या कागदावर आजवर जी काही कारागिरी खर्ची पडली, तिचे मूळ बहुतांशी या एका विसंगतीत आहे. एखादी रक्कम लिहावयास घेतली आणि तिचा पहिला अंक कागदावर टेकला, तरी तो सहस्राचा की शताचा हे त्याच्या मागून येणाऱ्या अंकांच्या संख्येवर अवलंबून असते. रक्कम एकटीच असेल तर यामुळे कोणाचेही अडत नाही. पण अशा वीस रकमा एकाखाली एक मांडून तळाशी बेरीज घ्यावयाची, म्हणजे एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक बिनचूक आले पाहिजे, असे म्हटले की पहिला अंक कोठे टेकवावा हे रक्कम संपण्याच्या आधीच ठाऊक असावे लागते. आपल्या ज्योतिषग्रंथकारांनी शब्दांनी संख्या सांगताना एककापासून आरंभ करून डावीकडे वाढत जाण्याचा संकेत पाळला खरा. पण त्यांना श्लोक रचावयाचे होते, तालेबंद नव्हे. तालेबंद लिहिणाऱ्यास आगाऊ मोजणी चुकली नाही. आजच्या संगणकावरील लेखनप्रणालीत ‘दशांश टॅब’ या नावाची जी लहानशी आणि बहुतेकांच्या नजरेआड राहिलेली सोय आहे, तिची कुळकथा म्हणजे ही मोजणी कोणाच्या शिरावरून कोणाच्या शिरावर कशी गेली, याची हकीकत होय.

पेढीवरच्या जुन्या वह्यांना छापील आखणी नसे. लांबट कागदाला घड्या घालून त्यावर उभे सळ पाडीत. डावीकडचे निम्मे सळ जमेचे, उजवीकडचे निम्मे नावेचे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ तो ‘सिरा’ आणि पुढचे ते ‘पेटा’. रक्कम सिऱ्यात भरावयाची आणि तपशील पेट्यात लिहावयाचा, असा दंडक. रुपयाच्या अंकापुढे पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन आणि आण्यांना आडव्या रेघा, अशा खुणांनी अपूर्णांक दाखवीत. घडीने रकान्याची सीमा दिली, पण रकान्याच्या पोटात अंक कोठे बसवावा हे मुनिमाच्या नजरेवरच होते. आणि बोरू हाती धरून वर्षे काढलेल्या माणसाची ती नजर इतकी तयार असे की मोजणी होते आहे हे त्याचे त्यालाही कळत नसावे.

छापखान्यात मात्र नजरेने भागत नाही, कारण तेथे रिकामी जागासुद्धा शिशाची असते. अक्षरांचे खिळे निरनिराळ्या रुंदीचे, इंग्रजीतला आय अरुंद तर एम ऐसपैस. अशा अवस्थेत ओळीखाली ओळ जुळणे हा योगायोगच ठरला असता. खिळे ओतणाऱ्यांनी यावर तोड काढली ती अशी, की अक्षरे हवी तशी लहानमोठी ठेवली तरी शून्यापासून नवापर्यंतचे दहाही अंक एकाच रुंदीच्या अंगावर ओतावयाचे, आणि ही रुंदी बहुधा ‘एन’ म्हणजे अर्ध्या एमाइतकी धरावयाची. त्यामुळे एक एन-क्वाड, म्हणजे त्या रुंदीचा कोरा खिळा, ही बरोबर एका अंकाची मोकळी जागा झाली. सहा अंकी रकमेखाली चार अंकी रक्कम आली की जुळाऱ्याने आधी दोन क्वाड भरावे आणि मग अंक लावावे. काम सोपे वाटते, परंतु ते प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात करावयाचे असते. घटी, पळे आणि तिथी-नक्षत्रांनी खच्चून भरलेले पंचांगाचे पान जुळविताना जुळाऱ्याची काय दशा होत असेल याची कल्पना यावरून करावी. लंडनच्या छापखान्यांत कोष्टकी कामाला साध्या मजकुराच्या दुप्पट दर देत, तो काही औदार्याने देत नसत. चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आपल्या गणकयंत्राची योजना आखताना कोष्टकाचे ठसेही त्याच यंत्राने पाडावे असा आग्रह धरला, तोही जुळाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुकांना कंटाळूनच. या गृहस्थाने पुढे १८३१ साली लॉगरिदमच्या कोष्टकांचे नमुने नाना रंगांच्या कागदांवर नाना रंगांच्या शाईने छापून त्यांचे २१ खंड केले. कोणत्या रंगसंगतीने डोळा कमी थकतो हे पाहण्याचा हा खटाटोप विक्षिप्त वाटेल. पण अंकांचे रकाने हे वाचण्याचे नसून न्याहाळण्याचे साहित्य आहे, हे त्याला पुरतेपणी उमगले होते.

अंकांच्या उंचीचाही एक प्रश्न होता. जुन्या वळणात तीन, चार, पाच, सात, नऊ हे इंग्रजी अंक ओळीखाली लोंबत आणि सहा व आठ वर डोके काढीत. १७८८ साली रिचर्ड ऑस्टिनने जॉन बेलसाठी कोरलेल्या टंकात सर्व अंक जवळजवळ एका उंचीत आणले गेले, आणि पुढच्या शतकात व्यापारी छपाईत हीच चाल रूढ झाली.

यानंतर आला टंकयंत्राचा काळ. मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्सचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीस आणले, तेव्हा ते हिशेबनिसांसाठी आहे असे कोणाच्या मनातही नव्हते. पण त्या यंत्राच्या एका उणिवेनेच हिशेबाचे मोठे कल्याण केले. कळ दाबली की गाडी प्रत्येक वेळी सारखेच अंतर सरकते, पायका यंत्रात इंचाचा दहावा भाग आणि एलीट यंत्रात बारावा. मग अक्षर आय असो की एम. छापील पानाच्या डौलाला मुकलेले हे टंकलिखित पान रकान्यांना मात्र फार सोईचे ठरले, कारण त्यावर अक्षर, अंक आणि रिकामी जागा यांची रुंदी एकच होती. जुळाऱ्याने क्वाड भरावे तसे टंकलेखकाने स्पेसची लांब दांडी हवी तितक्या वेळा ठोकावी, की अंक अंकाखाली येऊन उभा. दांडी ठोकून रकाने लावण्याची ही रीत त्या यंत्रावर सर्वथैव शास्त्रशुद्ध होती हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढे संगणकावर जो घोटाळा झाला त्याचा दोष अज्ञानापेक्षा या जुन्या शुद्ध सवयीकडेच अधिक जातो.

शुद्ध असली तरी ती रीत वेळखाऊ होती. १९०० साली फ्रेडरिक हिलार्ड याने एका युक्तीसाठी पेटंटचा अर्ज केला. यंत्राच्या गाडीला एक आडवी पट्टी, पट्टीवर हव्या त्या ठिकाणी बसविता येतील असे लहान चिमटे, आणि एक कळ, जी दाबताच गाडी पुढच्या चिमट्यापर्यंत एका दमात धावत जाऊन थांबते. हीच टॅबची कळ. नावांच्या यादीला तिने उत्तम सेवा दिली. परंतु रकमांच्या बाबतीत ती अर्धवटच ठरली. थांबा एकाच ठिकाणी आणि रकमा कधी तीन अंकी, कधी सहा अंकी. तेव्हा थांब्यावर पोचल्यानंतर पुन्हा दांडी ठोकणे किंवा उलट सरकणे आलेच.

म्हणून काही यंत्रांवर दशांश टॅब्युलेटर आला, आणि माझ्या मते यांत्रिक कल्पकतेचा हा एक उत्कृष्ट नमुना होय. एका कळीऐवजी कळांची एक ओळच. त्यांवर १, १०, १००, १००० असे आकडे. टंकलेखकाने समोरच्या मसुद्यातील रकमेकडे पाहावे, तिचा पहिला अंक शताचा असेल तर शंभराची कळ दाबावी. गाडी दशांशचिन्हाच्या आधी तीन घरे येऊन थांबते आणि ठोकलेला पहिला अंक आपोआप शताच्या घरात पडतो. पुढची रक्कम सहस्राची असेल तर हजाराची कळ. मोजणी अजून माणसाचीच होती, पण ती बोटांवर न राहता एका दृष्टिक्षेपात आली. संख्येला किती अंक आहेत हे मोजण्याऐवजी ती कोणत्या घराण्याची आहे एवढेच आता ओळखावयाचे होते.

आमच्याकडे या सोयीचा पुरता लाभ मिळण्यास एक अडचण आडवी होती. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा असा जोवर हिशेब होता, तोवर दशांशाचा थांबा मिळून उपयोग काय? रुपये, आणे आणि पै यांचे तीन पोटरकाने, म्हणजे एका रकमेला तीन थांबे, ही जुनी व्यवस्था अटळ होती. पौंड, शिलिंग, पेन्सवाल्या इंग्लंडची अवस्थाही काही वेगळी नव्हती. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया चालू झाला आणि तीन रकान्यांचा एक रकाना होऊन त्याच्या मधोमध एक टिंब आले. टायपिंगच्या वर्गांत विद्यार्थ्यांना जे ‘स्टेटमेंट’ घालीत, त्याची रीत मात्र पूर्ववत राहिली: प्रत्येक रकान्यातली सर्वांत लांब नोंद शोधा, तिची अक्षरे मोजा, सर्व रकान्यांची बेरीज ओळीतल्या एकूण घरांतून वजा करा, उरलेली घरे मधल्या फटींत वाटा आणि मग टॅब लावा. हे अंकगणित आधी पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यात उरकल्याशिवाय शहाणा विद्यार्थी यंत्राला हात लावीत नसे.

१९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी आस्की ही प्रमाणसंहिता ठरली, तीत टॅबला ९ हा क्रमांक मिळाला. घटना वरकरणी क्षुल्लक. पण तिने टॅबचे स्वरूपच पालटले. आजवर टॅब ही गाडीची एक हालचाल होती, आता ते मजकुरातच साठविलेले एक अदृश्य अक्षर झाले. ‘पुढच्या थांब्यावर जा’ एवढाच हुकूम त्या अक्षरात आहे. थांबा कोठे, हे त्यात नाही. हुकूम मजकुराबरोबर प्रवास करतो आणि थांबे मात्र मागे राहू शकतात. दुसऱ्याच्या यंत्रावर उघडताच कोष्टकाची दाणादाण उडते, ती बहुधा याच कारणाने.

१९७९ च्या वर्डस्टार या लेखनप्रणालीत पडद्याच्या शिरोभागी मोजपट्टीची एक ओळ असे. तीत साध्या थांब्याला उद्गारचिन्ह आणि दशांशाच्या थांब्याला चौकटवजा खूण. पडद्यावरची अक्षरे अजून टंकयंत्रासारखी समान रुंदीची होती, म्हणून दांडीवाल्यांचेही चालून जाई. पण त्याआधीच, १९७४ साली, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो ही लेखनप्रणाली रचली होती, आणि तिच्या पडद्यावर छापखान्याप्रमाणे लहानमोठ्या रुंदीची अक्षरे उमटत होती. हे सिमोनीच पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या देखरेखीखाली वर्ड तयार झाला. छापील पानाचा डौल परत आला. दांडीचा न्याय मात्र संपला.

संपला, पण एकदम कळून आला नाही, ही यातली खरी मौज. टाइम्स न्यू रोमन या टंकात रिकाम्या जागेची रुंदी अंकाच्या रुंदीच्या बरोबर निम्मी आहे, एरियलमध्येही तसेच. त्यामुळे एका अंकाऐवजी दोनदा दांडी ठोकली की रकाना अगदी सरळ येई, आणि जुन्या सवयीचे कारकून निर्धास्त राहत. २००७ साली वर्डने आपला नेहमीचा टंक बदलून कॅलिब्री केला, त्यात हे प्रमाण निम्म्याहून किंचित कमी आहे. दोन जागा मिळून एका अंकाला पुऱ्या पडत नाहीत. सहा अंकी रकमांखाली तीन अंकी रकमा केसभर डावीकडे सरकतात, आणि पत्रक तपासणारा वरिष्ठ चष्मा पुसत राहतो. जुळाऱ्याच्या एन-क्वाडचा वारस म्हणून युनिकोडमध्ये अंकाच्या रुंदीची एक खास मोकळी जागा नोंदलेली आहे, पण ती कळफलकावर नसल्यामुळे तिला फारसे कोणी विचारीत नाही.

दशांश टॅबने ही सारी मोजणीच निकालात काढली. मोजपट्टीवर दशांशाचा थांबा ठेवून रक्कम लिहू लागावे. प्रत्येक नवा अंक उमटताना आधीचे अंक डावीकडे सरकत जातात, टिंब पडताच ते थांबतात, आणि पैसे उजवीकडे वाढू लागतात. पहिला अंक कोठे टेकवावा हा प्रश्नच येथे उद्भवत नाही, कारण टेकवलेला अंक मागाहून हलविता येतो. शिशाला आणि शाईला हे अशक्य होते. तोट्याची रक्कम कंसात लिहिण्याची हिशेबनिसांची चाल आहे. नुसत्या उजव्या कडेला जुळविले तर बंद होणारा कंस अंकांना एक पाऊल डावीकडे ढकलतो, दशांशाच्या थांब्यावर मात्र कंस टिंबापलीकडे लटकतो आणि अंक आपल्या घरात राहतात. पथ्य एकच, अंक सारख्या रुंदीचे हवेत. जेथे टंकात सारख्या आणि कमीजास्त रुंदीचे असे दोन्ही प्रकारचे अंक आहेत तेथे निवड करण्याची सोय वर्डमध्ये २०१० पासून आहे.

आता बहुतेक पत्रके तयार तक्त्यात लिहितात. वर्डच्या तक्त्यात टॅबची कळ दाबली तर थांब्यावर न जाता पुढच्या घरात उडी पडते. घराच्या आत टॅब हवाच असेल तर कंट्रोलची कळ सोबत दाबावी लागते. पण ज्या घरात दशांशाचा थांबा ठेवलेला असतो तेथे तिचीही गरज नाही; रक्कम लिहिली की ती कोणतीही कळ न दाबता थांब्याशी येऊन जुळते.