पाचव्या नंबरचं ओझं

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होण्याआधीच क्रमवारी लागते. ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेससाठी देशभरातले क्रीडा पत्रकार मतं देतात आणि पहिले २५ संघ ठरतात. तेव्हा एकही सामना झालेला नसतो. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू काखेत मारून पळायचा खेळ.)

२००७ साली या यादीत मिशिगन विद्यापीठ पाचवं होतं. आदल्या वर्षी ते सलग ११ सामने जिंकले होते. मग कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटकडून ४२-३९ असे हरले. त्या सामन्याच्या आदल्याच दिवशी मिशिगनचे लाडके माजी प्रशिक्षक बो शेम्बेक्लर वारले होते. चॅड हेनी, माइक हार्ट आणि जेक लाँग यांना त्यानंतर व्यावसायिक लीगचा रस्ता मोकळा होता. तरी ते शेवटच्या वर्षासाठी कॉलेजातच थांबले. कॉलेजच्या खेळाडूंना तेव्हा शिष्यवृत्ती मिळायची, पगार नाही.

पहिला सामना सोपा वाटावा असाच होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या बून गावची ॲपलॅचियन स्टेट, खालच्या गटातला संघ. खेळायला येण्याचे त्यांना ४ लाख डॉलर मिळणार होते. थोडक्यात, या, हरा आणि पैसे घेऊन जा. हा संघ आपल्या गटाचा सलग दोन वर्षं विजेता होता. पण त्या गटाला यादीत जागाच नव्हती.

१ सप्टेंबरला ॲन आर्बरच्या मैदानात १ लाख ९ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. मध्यंतराला पाहुणे २८-१७ असे पुढे. हार्टने जीव तोडून पळत मिशिगनला ३२-३१ अशी आघाडी मिळवून दिली. शेवटची २६ सेकंद उरली असताना पाहुण्यांनी किक मारून ३४-३२ केलं. मिशिगननेही शेवटच्या क्षणी किक मारली. कोरी लिंचने उडी घेऊन ती अडवली. मैदान चिडीचूप झालं.

पुढच्या यादीत मिशिगनचं नाव २५ मध्येही नव्हतं. आठवड्याभरात ऑरेगनने त्यांना ३९-७ असं धुतलं.

लोक गोष्ट इथेच संपवतात. पण हंगाम बाकी होता. याच पोरांनी पुढचे आठ सामने सलग जिंकले. मग विस्कॉन्सिनकडून आणि पुन्हा ओहायो स्टेटकडून हरले. हेनी आणि हार्ट चार वर्षांत ओहायो स्टेटला एकदाही हरवू शकले नाहीत. प्रशिक्षक लॉइड कार यांनी निवृत्ती जाहीर केली.

१ जानेवारी २००८ ला कार यांचा शेवटचा सामना गतविजेत्या फ्लोरिडाशी होता. आता मिशिगनकडून कुणाला फार आशा नव्हती. ते ४१-३५ असे जिंकले आणि खेळाडूंनी कार यांना खांद्यावर घेतलं.

शेवटी हिशोब ९ विजय, ४ पराभव, क्रमांक १८. पाचव्या नंबरवरून पाहिलं तर हे अपयश. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातून पाहिलं तर कमाल. संघ तोच, फक्त मोजायला सुरुवात कुठून केली तेवढा फरक.

त्या पराभवानंतर काही दिवसांतच असोसिएटेड प्रेसने नियम बदलला. खालच्या गटालाही मत देता येऊ लागलं. ऑगस्टची यादी मात्र पुढच्या वर्षीही निघाली, एकही सामना होण्याआधी.